मुळशीत युरोपची रंगीत तालीम

घरात कॉलेजातली दोन मुलं असतील आणि आई-बाबांनी ‘या वर्षी युरोप!’ असं डिक्लेअर केलं असेल, तर पुढचे दोन महिने त्या घरात काय चालतं हे वेगळं सांगायला नको. डायनिंग टेबलवर ब्रोशर्सचा ढीग, फॅमिली ग्रुपवर पीडीएफचा पाऊस आणि रोज रात्री जेवताना तोच वाद. पंधरा दिवसांत दहा देश की दहा दिवसांत पाच? मराठी टूर कंपनी की कॉस्मोपॉलिटन? लंडन हवंच का? आणि सगळ्यात ज्वलंत प्रश्न म्हणजे ‘मुळात टूर कशाला? आपलं आपण जाऊ ना!’ हा डायलॉग नेहमी वय वर्षं अठरा ते तेवीस या गटातूनच येतो.

माझ्या दादाकडे सध्या हेच चाललंय. आणि घरात हिंजवडीला जाणारी एकच व्यक्ती असली, की प्रिंटर दुरुस्तीपासून परदेश दौऱ्यापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात पडतं. ‘तू एक्सेल करून दे गं,’ असं वहिनीनं म्हटलं आणि मी कामाला लागले.

केस अशी. दादा-वहिनी पन्नाशीच्या आसपास. थोरली आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला, जुलैत बेंगळुरूला जॉइन होणार. धाकटा एफवायला, फुटबॉलवेडा. दादानं यासाठी एक एफडी कैक वर्षं न मोडता ठेवलीय. चौघांनी मिळून केलेली ही बहुधा शेवटची मोठी ट्रिप. पुढच्या वर्षी थोरलीच्या रजा वेगळ्या, मग धाकट्याचं एमबीए, मग कुणाचं लग्न, कुणाचं काय. हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच वाद इतका पेटला होता.

तीन ब्रोशर्स, एक एफडी

चाळणी लावून तीन टूर्स उरल्या. पहिली ‘महायुरोप’ टाइप: लंडनपासून व्हॅटिकनपर्यंत, पंधरा दिवस, दहा देश. दुसरी दहा दिवसांत पाच देश. तिसरी बारा दिवसांची: पॅरिस, स्वित्झर्लंड, फ्लॉरेन्स, रोम. जाहिरातीत चार देश, खरं तर तीनच. चौथा व्हॅटिकन.

दादाचा जीव पहिल्या टूरवर. त्याचं लॉजिक सिंपल: ‘एकदाच जाणार ना? मग सगळं बघून येऊ.’ या लॉजिकला हसू नका. आपल्या आई-बाबांच्या पिढीचा युरोप पुलंच्या ‘अपूर्वाई’तून आला आणि १९९५ मध्ये ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’नं त्यावर बर्फ शिंपडला. एवढी वर्षं पुरवून ठेवलेली भूक एका शहरावर कशी भागणार?

पण देशांची ही मोजदाद जरा गमतीची असते. ‘महायुरोप’च्या दहा देशांत लिश्टेनश्टाइन धरलेला. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर. आपला मुळशी तालुका त्याहून कितीतरी मोठा आहे! व्हॅटिकन तर अर्धा चौरस किलोमीटरही नाही. बेल्जियममध्ये मुक्काम नाही, जाता जाता ब्रसेल्सला एक फेरी. म्हणजे दहातले तीन देश ‘आलो, फोटो काढला, गेलो’ या कॅटेगरीतले.

मग मी एक्सेलमध्ये देशांचा कॉलम काढून टाकला आणि दोन नवे टाकले: एका हॉटेलात सलग किती रात्री आणि बसमध्ये किती तास. पॅरिस ते स्वित्झर्लंड साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास पुणे-नागपूर. पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅम पाचशेच्या घरात, म्हणजे पुण्याहून गोवा गाठून वर थोडं. व्हेनिस-फ्लॉरेन्स अडीचशेच्या वर, फ्लॉरेन्स-रोम पावणेतीनशेच्या आसपास. पहिल्या टूरमध्ये जवळपास रोज रात्री वेगळी उशी. सकाळी साडेसहाला बॅगा दाराबाहेर. आकडे दाखवले तरी दादा हलेना. ‘बसमधून दिसतंच की सगळं,’ म्हणाला.

तेव्हा मला आयडिया सुचली. माणशी लाखांत पैसे मोजण्याआधी रंगीत तालीम का करू नये? आणि तालमीला मुळशीइतकी बेस्ट जागा कुठली? कोथरूडहून निघालं की तासाभरात तलाव, घाट, डोंगर. आणि याच तालुक्यात चक्क एक इटालियन गावसुद्धा आहे! दोन रविवार मागितले. एक ‘दहा देश’ स्टाइल आणि दुसरा ‘थोडे देश’ स्टाइल.

रविवार पहिला: सात पॉइंट्स, एक छत्री

टूर मॅनेजर मी. हातात निळी छत्री, गळ्यात जुनं आयडी कार्ड. सकाळी सातला कोथरूडहून प्रस्थान. चांदणी चौक, भूगाव, भुकूम करत पिरंगुटला मिसळ, वेळ पंचवीस मिनिटं. पौडला फोटो स्टॉप. मुळशी धरणाजवळ वीस मिनिटं. ताम्हिणी घाटाच्या तोंडाशी व्ह्यू पॉइंटला अर्धा तास, विंझाईदेवीचं दर्शन पंधरा मिनिटांत. उलटं फिरून पौडला जेवण, मग पिरंगुटवरून मुठा, टेमघर आणि लवासा.

जानेवारीतली मुळशी पावसाळ्यातल्या मुळशीची सख्खी बहीण वाटत नाही. धबधबे गायब, भात कापून झालेला, खाचरांत पेंढ्याच्या गंजी, डोंगरांवर वाळलेलं सोनेरी गवत आणि मधोमध निळाशार जलाशय. गर्दीही कमी. खरं तर बघायला हाच सीझन छान.

धरणाजवळ मी गाइडच्या टोनमध्ये चार मिनिटांत इतिहास उरकला. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी हे धरण झालं. शेतजमिनी बुडणार म्हणून मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला, पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी. इथूनच ते ‘सेनापती’ बापट झाले. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांत याची गणना होते. लढा हरला, धरण झालं. पाणी डोंगरापलीकडे कोकणात, भिऱ्याच्या वीजघरात जातं आणि वीज मुंबईला. थोरलीनं विचारलं, ‘मग ती गावं कुठे गेली, आत्तू?’ चांगला प्रश्न होता. पण मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, ‘चला, बसा गाडीत.’ टूर मॅनेजरला तेच म्हणावं लागतं.

लवासाला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी दासवे गावात वसवलेलं हे शहर. तिथला काठावरचा रस्ता इटलीतल्या पोर्टोफिनो या बंदराच्या धर्तीवर बांधलाय. पिवळ्या, केशरी, विटकरी भिंती, कमानी, पाण्यात पडलेली रंगांची प्रतिबिंबं. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवण्याची नोटीस दिली, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि मूळ प्लॅनमधलं बरंचसं कागदावरच राहिलं. रंगाचे पोपडे उडालेले दिसतात. तरी तिन्हीसांजेच्या उन्हात दृश्य देखणं आहे, नाही म्हणवत नाही.

दादा खूश. मोबाइल आडवा धरून म्हणाला, ‘काय गं, हुबेहूब इटली!’

थोरली पायऱ्यांवर बसून स्केच काढत होती. मान वर न करता म्हणाली, ‘बाबा, तू इटली बघितलंच नाहीयेस.’

एक क्षण कुणीच काही बोललं नाही. मग दादा शांतपणे म्हणाला, ‘म्हणूनच तर जायचंय.’

आणि तिथंच, त्या नकली इटलीत, खरं भांडण झालं. थोरली म्हणाली, तिला फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट वर चढून बघायचाय. पाच वर्षं पुस्तकात बघितलाय तो. १४३६ मध्ये पूर्ण झाला, खालून लाकडी साच्याचा आधार न देता बांधला. वर जायला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं. ‘महायुरोप’मध्ये फ्लॉरेन्सला किती वेळ? दोन तास. त्यात जेवण. ‘त्यापेक्षा मी नाही येत, तुम्ही जा,’ म्हणाली. वहिनीचा चेहरा उतरला. धाकटा म्हणाला, ‘आपण आपलं जाऊ, सत्तावीस वर्षांपर्यंत युरेलचा यूथ पास मिळतो.’ दादा म्हणाला, ‘मिळत असेल तुम्हाला. आमचं वय काय? आणि तिकडं ट्रेन चुकली, पाकीट मारलं तर कुणाला फोन करायचा? मला?’

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं. दादाला पैशाची भीती नव्हती. इथं पुण्यात प्रत्येक अडचणीला ‘बाबांना विचारा’ असतं. तिकडं भाषा येणार नाही, तिकिटाचं मशीन चालवता येणार नाही आणि मुलांसमोर आपण निरुपयोगी ठरू, याची धास्ती होती. त्याला गाइड त्यासाठी हवा होता. आणि वहिनी? ती हळूच म्हणाली, ‘मला फक्त बारा दिवस जेवायला काय करायचं हा प्रश्न नकोय.’

घरी पोचायला साडेआठ. पावणेदोनशे किलोमीटर झाले होते. रात्री सगळ्यांना एकेक कागद दिला: आज काय काय पाहिलं ते क्रमानं लिहा. दादाला सातही पॉइंट्स आठवले आणि प्रत्येक ठिकाणचा फोटो होता. बाकी तिघांना मिसळ आणि लवासातलं भांडण आठवलं. फेअर रिझल्ट सांगायचा तर दादाला हा रविवार मनापासून आवडला. वेगवान टूर कुणालाच आवडत नाही, असं अजिबात नाही.

रविवार दुसरा: एकच काठ

पुढच्या रविवारी नियम बदलले. मुळशी तलावाकाठचं एकच गाव. दुपारी एकला एकत्र जेवण आणि चारला चहा, एवढंच कम्पल्सरी. मधला वेळ ज्याचा त्याचा. छत्री घरी.

पहिला तास दादा अस्वस्थ. ‘आता पुढे काय?’ तीनदा विचारून झालं. धाकटा गाडीतच झोपला. वहिनी एका घराच्या ओसरीवर टेकली आणि त्या घरच्या काकूंशी आंबेमोहोर तांदळाच्या भावापासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळ्या गप्पा झाल्या. थोरली स्केचबुक घेऊन पाण्याच्या कडेनं चालत निघाली. तासाभरानं दादा तिच्या मागून गेला.

दोघं परत आली ती एका आजोबांबरोबर. आजोबांनी हातानं पाण्याकडे दाखवून सांगितलं होतं, ‘आमच्या वाडवडलांची खाचरं तिकडं, पाण्याखाली.’ मागच्या रविवारी चार मिनिटांत उरकलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. आणि ते विचारलं कुणी? दादानं! बोलीतलं मावळी मराठी थोरलीला पटकन कळेना, ते दादा तिला समजावून सांगत होता. घरी येताना गाडीत तोच सगळ्यात जास्त बोलत होता.

यातून कळलं ते असं. दादाला मोकळा वेळ नको असतो असं नाही, एकट्यानं नको असतो. वहिनीला चारचा चहा आणि टेकायला जागा मिळाली की ती कुठेही खूश. तिचे गुडघे सलग दीड तास चालल्यावर बोलू लागतात. धाकटा अकराच्या आधी माणसात नसतो. थोरलीला एका ठिकाणी दोन तास सोडलं की उरलेला दिवस ती कुणाच्याही मागे जायला तयार. कुठल्याही ब्रोशरमध्ये न सापडणारी ही माहिती आणि टूर निवडायला खरी लागते ती हीच.

मग टूर का, आणि कुठली?

‘आपलं आपण जाऊ’ हा ऑप्शन आम्ही बाजूला ठेवला. कारण हिशेब केला तर टूर मॅनेजरचं काम थोरलीवर, जेवणाचं वहिनीवर आणि काळजीचं दादावर आलं असतं. म्हणजे घरचंच ऑफिस, फक्त पत्ता युरोपचा. गाइडेड टूरचे पैसे आयफेल टॉवर दाखवण्याचे नसतात, तो लांबूनही दिसतो. कुणाला कुठल्या कामातून सोडवायचं, त्याचे असतात.

पण कुठली गाइडेड टूर? इथं तीन प्रकार आहेत.

एक, आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांचे ग्रुप्स: १९८४ मध्ये सुरू झालेली केसरी, २०१३ मध्ये आलेली वीणा वर्ल्ड, शिवाय एसओटीसी, थॉमस कुक वगैरे. बरोबर आपल्या भाषेतला टूर मॅनेजर, बहुतेक रात्री भारतीय जेवण. वरण-भाताला नाकं मुरडणाऱ्या मुलांनी सलग चार दिवस ब्रेड-चीज खाऊन बघावं. पाचव्या दिवशी तेच रांगेत पुढे असतात.

दोन, इंटरनॅशनल कोच टूर्स, उदाहरणार्थ ट्रॅफल्गर. ग्रुपमध्ये जगभरातली माणसं, गाइड इंग्रजीतून बोलणारा. सगळी जेवणं त्यात नसतात आणि जी असतात ती तिकडची. खाण्यापिण्याचं काही वाटत नसेल तर मुलांना मजा येते.

तीन, धाकट्यानं उत्साहानं आणलेलं कॉन्टिकी. १९६२ पासून चालू, वयोगट १८ ते ३५. म्हणजे तो, थोरली आणि मी जाऊ शकलो असतो. ज्यांची एफडी, ते दोघं सोडून! तो प्रस्ताव हशात मावळला. पण तुम्ही मित्रमैत्रिणींबरोबर जाणार असाल तर लक्षात ठेवा.

कॉलेजच्या मुलांचं आणखी एक दुखणं असतं. टूर्सच्या जगात ती कुठेच बसत नाहीत. किमतीत ती पूर्ण अ‍ॅडल्ट. सुट्ट्यांच्या हिशेबात टूर कंपन्यांचं कॅलेंडर शाळांवर चालतं, तर विद्यापीठाच्या परीक्षा कधी मे, कधी जून. थोरलीचं थिसिसचं ज्युरी मेच्या अखेरीस, म्हणजे निघणार जूनमध्ये. अ‍ॅमस्टरडॅमजवळची ट्युलिपची कॉयकेनहॉफ बाग मेच्या मध्यालाच बंद होते. मग ट्युलिपचा फोटो बघून अ‍ॅमस्टरडॅम घ्यायचं कशाला? म्युझियममधल्या सवलतींचंही तसंच. पॅरिसच्या लूव्ह्र म्युझियममध्ये १८ वर्षांखालच्यांना फुकट, पण १८ ते २५ मध्ये फुकट प्रवेश युरोपात राहणाऱ्यांना. आपल्या मुलांना पूर्ण तिकीट.

आणि रूम. ‘फॅमिली रूम’ ऐकायला गोड वाटतं, पण तिसरा-चौथा बेड बऱ्याचदा उघडमिटीचा सोफा असतो. सहा फुटी धाकट्याला त्यावर झोपवून बघा! आमचं ठरलं: दोन रूम्स. एकीत आई-मुलगी, दुसरीत बाप-लेक. बहीण-भावाला एकत्र ठेवलं तर रोज सकाळी एसीवरून महाभारत.

शेवटी तिसरी टूर. मराठी ग्रुप, दहा रात्री, चार हॉटेलं: पॅरिस तीन, स्वित्झर्लंड तीन, फ्लॉरेन्स दोन, रोम दोन. पॅरिसला आणि फ्लॉरेन्सला अर्धा-अर्धा दिवस मोकळा. किंमत पहिल्या टूरपेक्षा कमी, पण दादाला पटवायला एवढं पुरलं नाही. प्रत्येकानं काहीतरी सोडलं. दादानं लंडन, म्हणजे लॉर्ड्स. हे सोपं नव्हतं. वहिनीनं व्हेनिस. धाकट्यानं मिलानचं सॅन सिरो स्टेडियम. त्याबदल्यात पॅरिसच्या मोकळ्या अर्ध्या दिवसात २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या पीएसजीचं मैदान, दादाबरोबर, मेट्रोनं. तिकिटाचं मशीन धाकटा चालवणार, नकाशा दादा धरणार. थोरलीनं ‘स्वतंत्र फिरणार’ हा हट्ट सोडला. छत्रीमागून चालायला तयार झाली, फ्लॉरेन्सचा अर्धा दिवस सोडून.

बुकिंगआधी हे विचाराच

तुमच्याही घरी ढीग पडला असेल तर हे कात्रण फ्रिजला लावा.

हॉटेल नेमकं कुठे? ‘पॅरिस’ म्हणजे विमानतळाजवळचं आणि ‘व्हेनिस’ म्हणजे मेस्त्रे, असं असू शकतं. ‘किंवा तत्सम’ हे दोन शब्द नीट वाचा. मुलं संध्याकाळी बाहेर पडणार असतील तर मेट्रो-ट्रेन चालत किती लांब हे विचारा.

बस किती तास? युरोपियन युनियनच्या नियमांनुसार ड्रायव्हरनं साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती हवी. रोजचं ड्रायव्हिंग ९ तास, आठवड्यातून दोनदाच १०. रात्रीची सलग विश्रांतीही सक्तीची. ‘डिनरनंतर जरा लाइट्स बघायला बस काढा ना’ हे तिकडं चालत नाही. टूर मॅनेजरशी भांडू नका.

किती चालायचं? फ्लॉरेन्स, रोमच्या जुन्या भागांत मोठ्या बसेस सरसकट जाऊ शकत नाहीत. व्हेनिसला बस बेटाच्या कडेला थांबते, पुढे बोट. दगडी रस्ते आहेत. आईचे गुडघे हिशेबात धरा.

वार कुठला? लूव्ह्र मंगळवारी बंद, फ्लॉरेन्सची उफिझी गॅलरी सोमवारी बंद, व्हॅटिकनची म्युझियम्स रविवारी बंद, अपवाद महिन्यातल्या शेवटच्या रविवारचा. निघायची तारीख ठरवताना कॅलेंडर शेजारी ठेवा.

व्हिसा किती? शेंगेन देश २९, त्यांना एक व्हिसा. फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो. ब्रिटनला वेगळा व्हिसा, वेगळे पैसे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मेडिकल इन्शुरन्स किमान ३० हजार युरोंचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा. अठरा पूर्ण झालेल्या मुलांचा अर्ज त्यांच्याच सहीचा, बरोबर कॉलेजचं बोनाफाइड. ते परीक्षेच्या गडबडीआधी घ्या, नंतर ऑफिसात कुणी भेटत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी एंट्री-एक्झिट सिस्टीम सुरू झालीय, पहिल्या एअरपोर्टवर रांगेचा वेळ धरा.

पैसे एकूण किती? टूरची किंमत, जीएसटी, टिप्स, ऑप्शनल सहली आणि टीसीएस. हा टीसीएस १ ऑक्टोबर २०२३ ला सात लाखांवरच्या रकमेला २० टक्के झाला, एप्रिल २०२५ पासून मर्यादा दहा लाखांवर गेली. तो वारंवार हलतो, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर लेखी घ्या. रिटर्न भरताना तो अ‍ॅडजस्ट होतो, पण तोवर पैसे अडकतात.

कॅन्सल केलं तर? कुठल्या तारखेला किती कापणार हे टेबल मागा आणि सगळे पैसे पहिल्याच दिवशी भरू नका. २०१९ मध्ये कॉक्स अँड किंग्जसारखं जुनं नाव दिवाळखोरीत गेलं, त्याच वर्षी जेट एअरवेज जमिनीवर आली. नाव मोठं असलं तरी पावती जपा.

आणि सगळ्यात आधी, एक रविवार मुळशीला, ताम्हिणीला किंवा तुमच्या गावाजवळ जे असेल तिथे जा. आपल्या घरातलं कोण किती वाजता थकतं, कोण कशानं चिडतं, कुणाला कुणाबरोबर सोडायचं, हे तिथं कळतं. पेट्रोल आणि मिसळीचा खर्च सोडला तर फुकट!

आमचं अ‍ॅडव्हान्स भरून झालंय. थोरलीनं घुमटाची तिकिटं कधी उघडतात त्यावर अलार्म लावलाय. दोन तिकिटं काढायचीत. वहिनी आणि धाकटा खाली चौकात जिलाटो खात थांबणार आणि दुसरं तिकीट दादाचं. त्यानं स्वतःच मागितलं. तेव्हापासून तो रोज सकाळी पर्वतीला जातोय. पर्वतीच्या पायऱ्या १०३, म्हणजे साडेचार पर्वत्या झाल्या की एक फ्लॉरेन्स. परवापर्यंत त्याचे दोन झाले होते. जूनला अजून वेळ आहे.